मी पुसलेला कोड

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेतल्या पहाडात होती. मी युनिटच्या वर्कशॉपमध्ये हवालदार मेकॅनिक. सकाळी सहाला फर्स्ट परेड, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या गाडीचं तेल, पाणी, टायर, ब्रेक पाहायचे. सातपर्यंत सगळ्या गाड्या फिट असल्याचा रिपोर्ट वर जायचा. आमच्या वर्कशॉपचा त्यात कधी खाडा नव्हता, आणि त्याचा मला फार तोरा होता.

त्या दिवशी सहा चाळीसला नाईक सिद्धार्थ माझ्याकडे आला. तो चिखली तालुक्यातल्या उंद्रीचा, मी त्याच जिल्ह्यातल्या धाडचा. एवढ्या लांब आपल्या बोलीत बोलणारा मीच एकटा, म्हणून तो मला दादा म्हणायचा आणि मी सांगेन ते खरं मानायचा.

"दादा, इंजिनचा लाइट लागून राह्यला. काल चढावर गाडी दोनदा बंद पडता पडता राह्यली."

मी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला. बिघाडाचा कोड आला: डिझेलचं प्रेशर कमी. याला कारणं चार-पाच असतात. फिल्टर तुंबला असेल, पंप थकला असेल, कुठं वायर घासली असेल. शोधायला दोन तास हवेत. शिवाय दुरुस्तीचं जॉब कार्ड भरलं की गाडी त्या दिवशीच्या कॉन्व्हॉयमधून, म्हणजे ताफ्यातून बाद आणि माझा रिपोर्ट अपुरा. मी बटण दाबून कोड पुसला. लाइट गेला.

"सेन्सर नखरे करून राह्यला असन. जाय बे, काई होत नाही."

"हाव दादा," म्हणाला आणि हसत गेला.

कोड पुसल्याने बिघाड जात नाही, हे नव्या मेकॅनिकांना मीच शिकवायचो.

नऊ वाजून दहा मिनिटांनी वायरलेसवर आवाज आला. "चार नंबर, अपनी लोकेशन बताओ, ओव्हर." उत्तर नाही. पुन्हा तेच. चार नंबर सिद्धार्थचा. चढावर त्याचं इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे घसरू लागली. शेजारच्या शिपायाला त्याने ढकलून बाहेर काढलं. स्वतः गाडीसोबत दरीत गेला.

चौकशी झाली. गाडीचा चेंदामेंदा झाला होता. कोड मी पुसलेला, जॉब कार्ड नव्हतंच. मला विचारलं, "गाड़ी फिट थी?"

"फिट थी, साहब."

ड्रायव्हरने चुकीचा गिअर टाकल्याने इंजिन बंद पडलं, असा निष्कर्ष निघाला. तो वाचून दाखवला तेव्हा मी सावधानमध्ये उभा होतो. इतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

रिटायर होऊन मी धाडला गॅरेज टाकलं. कारण सापडल्याशिवाय मी कोणाचाही कोड पुसत नाही. बाजाराच्या दिवशी जीपवाले, "साहेब, फक्त लाइट घालवा," म्हणतात आणि वैतागून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

गेल्या महिन्यात सिद्धार्थचे वडील, भीमराव काका, गाडी घेऊन आले. त्यांच्या गाडीचाही लाइट लागलेला. तासभर शोधून मी घासलेली वायर काढून दाखवली.

"लय बारीक पाहतं तू," काका म्हणाले. "सिद्धार्थ त्या सकाळी फोनवर म्हणे, दादानं गाडी पाह्यली, आता फिकर नाही."

मी हातातली पक्कड खाली ठेवली. मग मी सगळं सांगितलं. कोड, जॉब कार्ड, चौकशीतलं उत्तर.

काकांनी बोनेटवर हात टेकला. कानाखाली वाजवतील असं वाटलं. वाजवली असती तर बरं झालं असतं.

"मंग थ्या कागदात त्याची चूक काऊन लिहिली?"

"मी खोटं बोललो म्हणून, काका."

"गावात अजून म्हणतात, भीमरावच्या पोराले गाडी चालवता येत नव्हती. थे मिटव."

त्याच दिवशी मी सगळं खरं लिहून युनिटला अर्ज पाठवला. माझं काय व्हायचं ते होवो. नक्कल उंद्रीला नेऊन दिली. काकांनी ती दोनदा वाचली आणि सिद्धार्थच्या फोटोखाली ठेवली. अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं तेच इथं लिहितो. नाईक सिद्धार्थ चांगला ड्रायव्हर होता. चूक त्याच्या गिअरची नव्हती. गाडी फिट नव्हती.