तिनं एक वाक्य आईला सांगितलंच नाही

मित्रहो, आज दुपारची गोष्ट. लोहाऱ्यात कामाला आलेल्या एका तेलुगू बाईला माझ्या ऑटोतून तिच्या पोरीच्या शाळेत नेलं. "भैया, तुम्हीपण चला," फाटकाशी थांबलेली पोरगी म्हणाली, म्हणून आत गेलो.

पोरीनं वर्गातल्या एकाला मारलं होतं. बाईला मराठी येत नाही, म्हणून मॅडमची तक्रार तेलुगूत सांगायची तीही पोरीनंच.

तिनं सगळं खरं सांगितलं. मारलं, चावलं, वहीसुद्धा फाडली. आईनं तिथंच तिला कान धरून माफी मागायला लावली. तरी मॅडम म्हणाल्या, "तुम्हा बाहेरच्या लोकांना लेकरं वाढवताच येत नाहीत."

तेवढं मात्र पोरगी गिळून गेली.

मला तेलुगू समजतं. जिच्यासाठी शिकलो तिचं लग्न दुसऱ्याशी झालं. एरवी मी मॅडमशी भांडलोच असतो. आज रागच आला नाही, पोरीकडंच बघत राह्यलो.

बाहेर आल्यावर विचारलं, "ते काहून नाही सांगितलं?"

"अम्मा रडते मग, भैया."

मी कॉलेज सोडलं तेव्हा लोक माझ्या आईला काय काय बोलले असतील. तिनं मला आजपर्यंत त्यातला एक शब्दही सांगितला नाही. तुम्ही तुमच्या आईला कधी विचारलं का?