कैलासची अर्धी प्रदक्षिणा

ब्रिटिश पासपोर्ट मी घेतला तो बार्सिलोनासाठी. म्हणजे अगदी तेवढ्यासाठीच नाही, पण दर सुट्टीआधी शेंगेन व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी वेबसाइट रिफ्रेश करत बसायचा मला वीट आला होता. कौन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेतली, राणीच्या तसबिरीशेजारी फोटो काढून घेतला आणि नागपूरला आईला फोन लावला. "बरं," आई म्हणाली, "म्हणजे आता तू फॉरेनर." मी हसलो. ती हसली नाही.

हाच पासपोर्ट पुढे मला कैलासला नेईल असं कोणी तेव्हा म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ब्रॅकनेलच्या आमच्या मराठी व्हॉट्सअप ग्रुपवर एजवेअरच्या एका टूरवाल्याची जाहिरात आली. काठमांडूमार्गे कैलास-मानससरोवर, फक्त विदेशी पासपोर्टवाल्यांसाठी. कोविडमध्ये बंद झालेली ती वाट भारतीय पासपोर्टला अजून उघडली नव्हती, आम्हा फॉरेनरांना मात्र उघडली होती.

कैलास हे माझं नव्हे, आईचं वेड. ती भूगोलाची शिक्षिका. फळ्यावर मधोमध कैलास काढायची आणि त्याच्या आसपासून चार दिशांना चार नद्या सोडायची. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा, कर्णाली. आमच्या घरात देवाच्या फोटोपेक्षा तिबेटचा नकाशा मोठा होता. सरकारी यात्रेचा फॉर्म तिने आणि बाबांनी दोनदा भरला. एकदा लॉटरीत नंबर लागला नाही, दुसऱ्यांदा लागला तर बाबांची बायपास निघाली. बाबा गेल्यावर ती एकटी जाणार होती, तेवढ्यात कोविड आला.

त्यामुळे जाहिरात पाहिल्यावर मला आनंद नाही, लाजच वाटली. मी तिला फोन केला.

"आई, तुला जाता येत नाही आणि मला येतंय. हा कुठला न्याय?"

"मग जा ना! मला काय विचारत बसलास?" ती म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "डोल्मा ला चढशील ना? ती खिंड चढल्याशिवाय परिक्रमा होत नाही. माझ्या वाटची पण करून ये."

झालं. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. मे ते सप्टेंबर हा मोसम. लंडनहून लंडन सोळा दिवस, विमान धरून सगळं मिळून तीन हजार पौंडांच्या आसपास. परमिट ग्रुपचंच निघतं, एकट्यादुकट्याने जाता येत नाही. इन्शुरन्स नीट वाचा, बऱ्याच पॉलिसी चार हजार मीटरला हात टेकतात आणि डोल्मा ला आहे साडेपाच हजारांच्या वर. सरावाला मी स्विन्ली फॉरेस्टमध्ये पाठीवर तांदळाची दहा किलोची गोणी घेऊन हिंडायचो. माझी बायको नेहा म्हणायची, "कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून आलास तरी धापा टाकतोस, आणि कैलासला निघालास!" वेल्समधला स्नोडन डोंगर दोनदा चढलो. तिथे खूप भारी वाटलं. स्नोडनची उंची तिबेटमधल्या रस्त्याकडेच्या संडासापेक्षाही कमी आहे हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

काठमांडूत आमचा अकरा जणांचा ग्रुप जमला. बहुतेक हॅरो आणि लेस्टरची गुजराती मंडळी, त्यामुळे खाण्याची ददात नव्हती. मराठी असे दोघेच. मी, आणि एजवेअरचे कुलकर्णी काका. रिटायर्ड ॲनेस्थेटिस्ट, वय सहासष्ट, चालायला घोड्यासारखे. पहिल्याच जेवणात त्यांनी मला दम भरला, "हे बघ, उंचीसाठी डायमॉक्सची गोळी घे, पाणी पी, आणि हीरो बनू नकोस. सगळे आयटीवाले हीरो बनतात." आमचा गाइड पेंबा, जेमतेम तिशीचा शेर्पा, कधीही आवाज न चढवणारा. अकरा वेळा परिक्रमा करून आलेला माणूस, पण तसं त्याने स्वतःहून सांगितलं नाही, काकांनी काढून घेतलं.

काठमांडूहून सीमेपर्यंतचा रस्ता म्हणजे हाडं खिळखिळी करणारा. पलीकडे चीनचा रस्ता मात्र लोण्यासारखा, आणि तिथेच गंमत होते. गाडी इतकी अलगद वर चढते की शरीराला पत्ताच लागत नाही. सीमेजवळच्या क्यीरोंगमध्ये मी फोटो काढत होतो, पुढच्या सागामध्ये डोकं धरून बसलो होतो. मऊ भात आणि काकांनी एजवेअरहून आणलेलं मेतकूट, दोन दिवस एवढंच पोटात गेलं. मेतकूट न्याच, मी हात जोडून सांगतो.

मानससरोवर दिसलं तेव्हा दुपार होती. सरोवरात उतरायला आता मनाई आहे, बादलीत पाणी काढून काठापासून लांब अंघोळ करावी लागते. मी फारसा देवाधर्माचा माणूस नाही. पण ती बादली डोक्यावर ओतली आणि मला रडू फुटलं. थंडीने असेल म्हणून काकांनी टॉवेल दिला. थंडीने नव्हतं. समोर ते निळं पाणी होतं, पलीकडे कैलास होता, आणि मला सारखं वाटत होतं की बाजूला वळून कोणाला तरी म्हणावं, बघ, हे ते. जिला म्हणायचं ती नागपुरात होती. आपण दुसऱ्याच्या ताटात जेवतोय असं मला त्या काठावर वाटलं, आणि ते पुढे सगळ्या वाटभर वाटत राहिलं.

परिक्रमा बावन्न किलोमीटरची, तीन दिवसांची. दारचेनहून गाडीने यमद्वारापर्यंत जायचं आणि तिथून पायी. पहिला दिवस सोपा म्हणतात. नदीकाठची सपाट वाट, दोन्हीकडे लालसर कडे, मधूनच डोकावणारा कैलास. सोपा तो काकांना. शेवटच्या तासात मी वीस पावलं टाकायचो आणि काठीवर रेलायचो. मुक्कामाच्या दिरापुकला पोचलो तेव्हा माझ्या बुटाची नाडी मला सोडता येईना. बोटं होती, नाडी होती, पण पुढे काय करायचं ते आठवत नव्हतं.

पेंबाने बोटाला ऑक्सिमीटर लावला. एकसष्ट. त्याने तो पुसून परत लावला. साठ. मग त्याने सिलिंडर आणला आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला, "सर, कल आप ऊपर नहीं जाएगा. सुबह नीचे जाएगा."

"सकाळी बरं वाटेल मला," मी म्हणालो. "काका, तुम्ही सांगा ना त्याला. मला जायलाच हवं, आईला शब्द दिलाय."

काका माझ्या शेजारी बसले. "हे बघ, आय पुट पीपल टू स्लीप फॉर थर्टी-फाइव्ह इयर्स, आणि सगळ्यांना उठवलंसुद्धा. उद्या खिंडीत तू झोपलास तर माझ्याकडे उठवायला काही नाही. आईला मुलगा हवाय की परिक्रमा?"

सकाळी उन्हाचा पहिला पट्टा उत्तरेच्या कड्यावर पडला आणि पाहता पाहता सगळा कैलास सोन्याचा झाला. ग्रुप डावीकडे खिंडीच्या वाटेला लागला आणि मी एका हेल्परबरोबर आल्या वाटेने मागे वळलो. निघताना काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, महादेवाच्या देवळात आपण तरी कुठे पूर्ण फेरी मारतो? पन्हळीपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, तिथूनच मागे फिरायचं. शंकराला अर्धीच प्रदक्षिणा चालते. तुझी झाली."

किती चांगलं बोलले होते. हेच वाक्य मी आईला सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

दारचेनच्या हॉटेलमध्ये दीड दिवस मी खिडकीशी बसून काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुप परत आला, काकांनी मला खिंडीचे फोटो दाखवले. पताकांचे ढीग, खाली पाचूसारखं गौरीकुंड. चार दिवसांनी काठमांडूला पोचल्यावर मी आईला नीट फोन केला.

तिनेच आधी बोलायला सुरुवात केली. ते तीनही दिवस तीसुद्धा चालली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात, पहाटे पाचला उठून, गुडघ्याला पट्टा बांधून, कॉलनीच्या बागेत फेऱ्या. "तू जितकं चालशील तितकं मी चालायचं ठरवलं होतं. बावन्न नाही जमले, पण एकवीस किलोमीटर झाले बघ. दुसऱ्या दिवशी फार चाललो आपण, नाही? चढलास ना डोल्मा ला?"

"हो," मी म्हणालो.

एवढंच. दुसरा शब्द तोंडात आलाच नाही.

"मग झालं माझं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज इतका मोकळा मी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा ऐकला. त्याच आठवड्यात तिने भिंतीवरचा नकाशा उतरवून तिच्या जुन्या शाळेला देऊन टाकला.

एका खोट्याला किती खायला घालावं लागतं ते मी नंतर शिकलो. आईच्या मैत्रिणींना स्पीकरवरून खिंडीचं वर्णन ऐकवलं. काकांच्या फोटोंवरून गौरीकुंडाचा रंग सांगितला. पेढे वाटले गेले. नेहाला खरं माहीत होतं. ती म्हणाली, "तुझं तू बघ." ही पोस्ट लिहायला बसलो की दिरापुकपर्यंत यायचो आणि लॅपटॉप मिटायचो.

गेल्या वर्षी भारतीयांसाठी वाट उघडली. मी नाचतच फोन केला. "आई, आता तुझी पाळी. यात्रेला सत्तर वर्षांपर्यंत घेतात. मी रजा काढतो, आपण दोघं जाऊ."

"नको रे. माझं झालं ना. तू चढलास म्हणजे मी चढले." भाजीवाल्याला नको म्हणावं तितक्या सहज म्हणाली. मी सहा महिने पिच्छा पुरवला. दर वेळी तेच उत्तर. चाळीस वर्षं जिने वाट पाहिली तिची इच्छाच मी संपवून टाकली होती, आणि तीही न केलेल्या परिक्रमेने. येत्या ऑगस्टमध्ये तिला सत्तर पूर्ण होतात.

गेल्या रविवारी मी फोन केला आणि कसं काय, जेवलीस का, यातलं काहीही न विचारता म्हणालो, "आई, मी डोल्मा ला चढलो नव्हतो. ऑक्सिजन उतरला होता, दिरापुकहून परत फिरलो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली.

"आणि ते गौरीकुंड?"

"दुसऱ्यांच्या फोटोत पाहिलं."

"मी पेढे वाटले रे कॉलनीभर."

"माहीत आहे."

"लाज नाही वाटली?"

"रोज वाटते."

तिने फोन ठेवला. मी परत लावला, तिने उचलला नाही. बाहेर नेहा गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होती, तिला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "दे थोडा वेळ. माउली आहे, बोलेल." मी लॉनवर नुसता येरझाऱ्या घालत राहिलो. आई यापुढे माझ्याशी बोलली नाही तरी चालेल, पण जे तिचं होतं ते तिला परत मिळू दे, असं मी मनापासून म्हणालो. कोणाला ते माहीत नाही.

तासाभराने फोन वाजला. हॅलो नाही, बाळा नाही, काही नाही.

"यात्रेच्या त्या फॉर्ममध्ये," आई म्हणाली, "वय भरायच्या दिवशीचं धरतात, की निघायच्या दिवशीचं?"