नाडी बहात्तर

मी तीस वर्षं निपाणीच्या एका हॉस्पिटलात सिस्टर होते. जाणारे पुष्कळ पाहिले, पण गेलेला एकही परत आलेला पाहिला नाही – औषधाची बाटली विसरली म्हणूनसुद्धा नाही! त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर हसत वाचत आले. आता माझा वाचा, आणि खुशाल हसा.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल. खानापूरकडच्या शेतकरी घरातले. फौजेत नर्सिंग असिस्टंट होते. पेन्शन घेऊन आले आणि आमच्या हॉस्पिटलात लागले, ते केस पांढरे होईपर्यंत तिथंच. सगळे त्यांना फौजी अण्णा म्हणत. नाडी बघायची त्यांची एक रीत होती. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, तीन बोटं नाडीवर, आणि पुरा एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलेलं त्यांना खपत नसे. आकडे पुटपुटायचे हिंदीत, फौजेत सवय लागली तसे. आणि शेवटी म्हणायचे, "बस." तोवर पेशंट बिचारा श्वास रोखून!

आणि मी? वीस वर्षांची, वर कडक इस्त्रीची टोपी, खाली डोकं रिकामं. नाडी मोजायचा भारी कंटाळा. दिसेल त्या चार्टवर ७२ लिहून मोकळी! एकदा सात नंबरच्या कॉटवरचा पेशंट सकाळीच घरी गेला होता, तरी मी दुपारी त्याची नाडी ७२ लिहिली. तोच चार्ट घेऊन हे आले. सगळ्या वॉर्डासमोर, अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले,

"सिस्टर, ह्या गादीची नाडी लई झ्याक चाललीया. डिस्चार्ज कधी द्यायचा हिला?"

महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. दोन वर्षांनी लग्न केलं – अक्कल तेवढीच होती. जन्मभर मला हाक मारली ती "ए बहात्तर, चहा टाक गं" अशीच.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. मी निपाणीतच, दोन खोल्यांत एकटी. मुलगी वैशाली बेळगावात असते. रोज सकाळी तिचा फोन – गोळी घेतलीस का, नाडी बघितलीस का... खरं तर गेल्या थंडीत मला चक्कर यायला लागली होती. मोरीपर्यंत जायचं तर भिंत धरावी लागायची. पोरीला सांगितलं असतं, तर तिनं मला गाडीत घालून नेलं असतं आणि इथं कुलूप लागलं असतं. ह्यांची खुर्ची, खुंटीवरचा मफलर... मला हलायचं नव्हतं. म्हणून मी नाडी बघतच नव्हते. तीस वर्षांची सिस्टर स्वतःच्या मनगटाला हात लावायला भीत होती!

त्या रविवारी नऊ वाजून गेले होते. ऊन उंबऱ्याच्या आत आलेलं. मी कॉटवर, समोर ह्यांची रिकामी खुर्ची.

"आई, नाडी किती?"

"बहात्तर."

मी चहाचा एक घोट घेतला.

"वैशू? हॅलो?"

"आई... तुझ्याजवळ कोण बसलंय?"

"कोण बसतंय? मी आन् माझा चहा."

"थट्टा नको गं! फोन उचललास तेव्हापासनं कोणतरी पुटपुटतंय. मला वाटलं टीव्ही. पण ते मोजतंय, अण्णांसारखं... अडतीस, उनतालीस..." तिचा आवाज चिरकला. "चालीस, इकतालीस... बस म्हणाले, आई! तुला ऐकू न्हाय आलं?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. टीव्ही बंद होता. शेजारच्या घराला चार दिवसांपासून कुलूप.

"आई, आत्ताच्या आत्ता मोज. पुरा मिनिट. मी थांबते."

ह्यांचं घड्याळ समोर धरलं आणि मोजली. एकेचाळीस.

दोन तासांत ती दारात हजर. बेळगावच्या डॉक्टरांनी पेसमेकर बसवला. म्हणाले, "आज्जी, अजून आठ दिवस घरी काढले असते तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही सिस्टर होते, पुरं करायची गरज नव्हती.

पोरीला भास झाला म्हणावं, तर आकडा कुठून आला? दुसऱ्या कुणाचा फोन मध्येच लागला म्हणावं, तर तिथं माझी नाडी कोण मोजत बसलं होतं? भीती वाटली नाही कधी. राग मात्र आला. माझ्याशेजारी येऊन बसलात, माझा हात धरलात, आणि ऐकवलंत ते पंचाहत्तर किलोमीटरवरच्या लेकीला? मला एक शब्द नाही?

महिन्याभरानं हट्ट करून मी निपाणीला परत आले. आता मशीन नाडी साठाच्या खाली जाऊ देत नाही. पोरीला रोज खरा आकडा सांगते. फक्त रविवारी मुद्दाम खोटं बोलते.

"नाडी किती, आई?"

"बहात्तर."

मग आम्ही दोघी गप्प. पुरा एक मिनिट. मी फोन ह्यांच्या खुर्चीजवळ नेते. वैशू कधी घाई करत नाही.

"आलं का गं काही ऐकू?"

"न्हाय, आई."