गार टायरावर ठेवलेला हात

आमचे भावोजी टायरवाले. माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, आणि तिरसटपणात घराण्यात पहिले. दुकानात गिऱ्हाईक आलं की ‘या, बसा’ नाही, थेट उलटतपासणी.

“गाडी कामावर जायला हवी की शर्यतीला?”

एखादा हौशी “दोन्हीला” म्हणाला, की भावोजी म्हणायचे, “मग लग्नातले बूट घालून चिखलात पण जात असाल!” मी काउंटरवर कपाळाला हात लावायचे. असं बोलून कुणी धंदा करतं का?

पण सांगायचे ते खरंच. शर्यतीच्या ट्रॅकचे टायर म्हणजे मऊ रबर आणि खाचा नावापुरत्या. तापले की रस्ता धरून ठेवतात, गार असले की ओल्या फरशीवरच्या साबणासारखे सटकतात. पावसात तर विचारू नका. शिवाय बघता बघता झिजून गोटा होतात. रोजच्या गाडीला रस्त्याचेच टायर बरे, हे त्यांचं ठाम मत. ते आमच्या घराला फार महागात पडून तयार झालेलं.

माझ्या नवऱ्याची बुटकी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती. टायर ट्रॅकचे, भावोजींनीच बसवलेले. थंडीच्या एका सकाळी गाडी अर्धी उन्हात, अर्धी भिंतीच्या सावलीत उभी होती. नवऱ्याने उन्हातल्या टायरला हात लावला, ऊब लागली, निघाला. सावलीतले दोन गारठलेलेच होते. पहिल्याच वळणावर गाडी गरकन फिरली आणि माझा संसार तिथेच संपला.

तेव्हापासून भावोजी दुकानातून कुठलीही गाडी सोडण्याआधी तिच्याभोवती फिरून चारही टायरांवर तळवा ठेवत. गिऱ्हाइकं मागून हसत.

माझा मुलगा मोठा झाला आणि बापाची तीच गाडी त्याने दुकानामागच्या शेडमधून बाहेर काढून दुरुस्त केली. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण त्याला टायरही तेच हवे होते. सुट्टीला ट्रॅकवर न्यायची, एरवी ऑफिसला. भावोजींनी त्याला रस्त्यालाही चालतील आणि ट्रॅकवरही निभावतील असे टायर काढून दाखवले. हा ऐकेल तर शपथ.

“काका, तुम्ही नाही बसवलेत तर दुसरीकडून बसवून घेईन.”

भावोजींनी काढलेले टायर परत जागेवर ठेवले. मग म्हणाले, “बसवतो. पण रोज सकाळी मी हात लावल्याशिवाय गाडी शेडबाहेर काढायची नाही. मी नको म्हटलं तर बसने जायचं.”

मी त्या दिवशी दोघांनाही जेवायला वाढलं नाही. इतकी चिडले होते.

पण मुलाने शब्द पाळला. भावोजी टायरावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. कधी म्हणायचे, “जा, सावकाश सुरुवात कर.” कधी हात झटकन मागे घेऊन, “आज बसने जा.” बंद शेडमध्ये रात्रभर उभी असलेली गाडी, टायर रोज सारखेच गार असणार. मग एक दिवस हो आणि एक दिवस नाही, ते कसं? मला कोडंच होतं. पण एकदा त्यांनी नको म्हटलं आणि दुपारी कळलं, पुलावर दवाने रस्ता निसरडा होऊन सकाळी तीन गाड्या कठड्याला धडकल्या होत्या. त्यानंतर मी विचारणं सोडलं.

मग मागच्या थंडीत भावोजींनी बोलता बोलता उकळत्या किटलीवर हात टेकला. टेकला तो तसाच ठेवला. कातडी सोलून निघाली तरी बोलणं चालूच. मीच ओरडले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, रक्तातल्या साखरेमुळे दोन्ही तळव्यांना कित्येक वर्षांपासून काहीच कळत नाही. ना ऊन, ना गार.

या हातावर विसंबून मी पोटचा पोर रोज रस्त्यावर सोडत होते!

“भावोजी, मग तुम्हाला कळतं काय?”

त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं. “टायर नाही कळत, वहिनी. रबराच्या आतून हात लागतो. तेवढा एकच कळतो मला. तो नुसता टेकलेला असला की पोराला जा म्हणतो. घट्ट धरला की नको म्हणतो.”

“कुणाचा हात?”

“अंगठ्याचं नख दुभंगलेलं आहे.”

माझ्या नवऱ्याचं होतं तसं. जॅक निसटून लागलं होतं.

जखम चिघळली. भावोजींना इस्पितळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात जायला म्हणून मुलाने गाडीचं दार उघडलं.

“आई, बस लवकर. काका वाट बघत असतील.”

“थांब,” मी म्हटलं, आणि वाकून पुढच्या टायरावर तळवा ठेवला. गार रबर, दुसरं काही नाही. स्वतःचंच हसू आलं. दुसरा, तोही तसाच. मागे गेले. तिसऱ्यावर हात ठेवला आणि आतून बोटं आली. माझ्या बोटांत गुंतली, ओळखीची, जाडजूड. अंगठ्याचं नख दुभंगलेलं. इतक्या वर्षांनी. मी रडत होते आणि माझ्या अंगावर काटाही आला होता.

हात सुटेना, म्हणून गाडीच्या पाठीमागे ओणवून दुसरा हात पलीकडे चौथ्या टायराकडे कसाबसा पोचवला. गाडीच ती एवढीशी. तिथेही कुणीतरी धरलं. त्या तळव्यावर कापडाची पट्टी होती, कालच मी स्वतः बदललेली.

दुकानात फोन वाजू लागला.

“इस्पितळाचा असेल,” मुलगा म्हणाला. “आई, ऊठ ना. टायर गार आहेत का?”

दोघांनीही माझे हात घट्ट आवळले होते.

“बसने जाऊ,” मी म्हटलं.