चार पंगतींचं अंगण

मनकर्णाबाईंनी घराच्या आधी अंगण बांधलं, असं गारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीत थट्टेनं म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. प्लॉट मोकळा होता तेव्हाच कमरोद्दीन मिस्त्री चुन्याची पिशवी घेऊन आला आणि खोल्या कुठं आखू म्हणून विचारू लागला. बाईंनी त्याला थांबवलं. राहत्या जागेवरून पत्रावळ्यांचा गठ्ठा आणला, पत्रावळ्या मातीवर ओळींनी मांडल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून खडे ठेवले आणि शेजारच्या बायकांना पंगतीत बसवलं. मग रिकामी बादली घेऊन वरण वाढल्यासारखं वाकत दोन ओळींमधून चालून पाहिलं.

"पदर लागला भागूबाईला. अजून वीतभर सोड," त्या म्हणाल्या.

"भाभी, ये घर है के शादीखाना?"

"पोरीचा मांडव माझ्या दारात पडंल. लोकाच्या जागंत नाय."

"आन आपण झोपायचं कुठं? पंगतीत?" बाईंचे नवरे पुंजाराम म्हणाले. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते. घरात फारसं बोलायचे नाहीत, पण बोलले की बायकोला हसू यायचं. त्या दिवशी मात्र त्या हसल्या नाहीत. पाचोडला त्यांचं स्वतःचं लग्न चुलत्याच्या अंगणात लागलं होतं, वडिलांना तेवढी जागा नव्हती म्हणून. चुलतीनं ते पुढं कितीतरी वर्षं बोलून दाखवलं होतं.

ज्या पोरीसाठी हे सगळं चाललं होतं ती कौसल्या तेव्हा पाच वर्षांची. पंगतीच्या टोकाला बसून ती खरंच काहीतरी वाढतील म्हणून वाट पाहत होती.

चार पंगतींचं अंगण निघालं आणि उरलेल्या जागेत दोन खोल्या बसवल्या. स्वयंपाकघर इतकं अरुंद की पेटी उघडायची तर एकानं उठावं लागे. कौसल्या अंगणातच अभ्यास करून बारावी झाली. मध्येच एकदा कडुनिंबाचं रोप उगवलं, ते बाईंनी उपटलं. झाड झालं की एक पंगत जाईल. पुंजाराम दर उन्हाळ्यात आणखी एका खोलीचा विषय काढायचे आणि दर उन्हाळ्यात गप्प बसायचे.

कौसल्याचा मांडव पडला. कन्नड गावचा मुलगा, घरची शेती, साखर कारखान्यात नोकरी. त्या दिवशी मनकर्णाबाई पंगतींमधून वाढत फिरल्या आणि कुणालाही पदर लागला नाही. इतकं सुख त्यांना आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

तिसऱ्या वर्षी कौसल्या कन्नडच्या एसटीनं एकटीच आली. नवऱ्याचं बाहेर कुणीतरी होतं, आणि विचारलं की तो हात उचलायचा. आईनं तिला न्हाऊ घातलं तेव्हा पाठ पाहिली आणि तांब्या तसाच खाली ठेवला. तरीही दारात विचारणाऱ्यांना त्या म्हणत राहिल्या, "चार दिवस आलीय. तोड निघंल."

कौसल्या गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात कामाला लागली. उन्हाळाभर ती अंगणात बाजेवर झोपली. पाऊस सुरू झाल्यावर सगळ्यांची जेवणं आटोपून भांडी सरकवली की स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवर अंथरूण टाकायची. पुंजारामांनी एका रविवारी कमरोद्दीनला बोलावून आणलं.

"अंगणात एक खोली काढू. पोरगी भांड्यांत झोपती."

"खोली नाय," बाई म्हणाल्या.

"अरे भाभी, अब किसका मांडव पडनेवाला है इधर?"

"कन्नडला कळलं ना, की हिच्या बापानं खोली बांधली, तर ते सुटले. म्हणतील, ठेवूनच घेतली त्यांनी. ती काय कायमची आलीय व्हय? खोली कशाला?"

कौसल्या चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले आणि कमरोद्दीनला साखर पुरेशी आहे का विचारलं.

बाईंना वाटायचं, आपण दार उघडं ठेवलंय. अंगण आहे तेवढंच राहिलं तर पोरीचा संसारही अजून उभा आहे. लेक रात्री उताणी पडून छताकडं बघते, हे त्यांना दिसत होतं. त्याचा अर्थ त्यांनी सासरची आठवण असा लावला.

दिवाळीनंतर आप्पासाहेब आले. ते पुंजारामांचे मावसभाऊ, कन्नडच्या बाजाराला जाणारे. चहा घेण्याआधीच त्यांनी सांगितलं, जावयानं दुसरी घरात आणली, देवळात हार घातले. मनकर्णाबाई चुलीपाशी बसून रडल्या. मग उठल्या, तोंड धुतलं आणि कमरोद्दीनकडं स्वतः गेल्या. "आजच आख," म्हणाल्या. "मोठी आख. अंगण एक बाज मावंल एवढं सोड, बास."

लेक दुकानातून परतली तोवर पाया खणायला घेतला होता. मातीचे ढीग ओलांडत ती आत आली.

"कुणाची खोली?"

"तुझी," बाई म्हणाल्या. "कौसा, आज आप्पासाहेब आले होते. त्या माणसानं..."

"मला ठाऊक आहे. महिना झाला."

"आन बोलली नाहीस?"

कौसल्यानं चप्पल काढून भिंतीला लावली. "बोलले असते तर तू लगेच खोली बांधली असती. मला वाटलं, हे कळायच्या आधीच बांधशील." आवाजात राग नव्हता, त्यानंच आईचा जीव घाबरा झाला. "त्यानं दार लावलं तवा तू उघडायलीस, आई."

"तुझ्याच भल्यासाठी..."

"मला माहीत आहे ना. मी तुला दोष देत नाय." ती खाली बसली. "दुकानातली अनवरी आहे ना, तिच्या घरी माडीवर खोली रिकामी आहे. मी तिच्या अम्मीला हो म्हणून आले. एक तारखेला जाते."

"ही बांधायलोय की! मग ही कुणासाठी?"

पुंजाराम बाहेर पायरीवर बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

खोलीचं काम थांबवा असं कुणीच म्हणालं नाही. एक तारखेला रिक्षा आली. कौसल्यानं गादी बांधली, दोन पातेली आईनं बळेच पिशवीत कोंबली. कमरोद्दीन विटा रचत होता. निघताना मनकर्णाबाईंनी तिचा दंड धरला.

"खिडकी कुणीकडं ठेवू? तुला उजेड लागतो ना."

"तू ठरव, आई," कौसल्या म्हणाली. हळूच हात सोडवून घेतला. "मी येत जाईन."

रिक्षा वळली. कमरोद्दीननं थापी हातात धरून विचारलं, "भाभी, खिडकी?"

मनकर्णाबाईंनी हात उचलला, पण कुठली बाजू दाखवावी ते त्यांना कळेना.