रिठ्यात धुतलेला गुलाबी खडा

मी मुंबईत दागिन्यांच्या कारखान्यात खडे बसवते. नैसर्गिक गुलाबी हिरा माझ्या हातात एकदाच आला, तांदळाच्या कणीएवढा. तो गुलाबी सोन्यात बसवायचा होता. तसा बसवला की रंग आणखी खुलतो. दोन साहेब पाठीशी उभे होते. उमरठच्या वरच्या वाडीवर, आमच्या घरी ही गोष्ट सांगताना मी दोनाचे चार साहेब केले.

ऐकून आयेने कपाटातून तिची नथ काढली. मधोमध गुलाबी खडा. "तुजा हिरा आसाच हाय ना गो?" तिचा खुललेला चेहरा बघून मी म्हणाले, "आसाच." खडा धड पाहिलाही नव्हता. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आपल्या नथीत गुलाबी हिरा आहे, असं आये वाडीभर सांगत सुटली. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा विहीणबाईंनाही सांगून झालं, की मुलगी हिऱ्याची नथ घालून येणार.

हळदीच्या सकाळी आयेने नेहमीच्या रीतीने सगळे दागिने रिठ्याच्या पाण्यात उकळले, त्यात नथही. बाहेर काढली तर खडा पांढराफटक! आये चुलीपुढेच बसली. "माज्या हातानं हिऱ्याचा रंग घालवला गो," म्हणून रडायला लागली. मला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

खऱ्या गुलाबी हिऱ्याचा रंग अंगचा असतो, तो रिठ्याने जात नाही. मी गप्प बसले असते तर दोष जन्मभर तिच्या हातांवर राहिला असता.

"आये, ती काच हाय. मागं गुलाबी चकचकीत कागद व्हता, पाणी शिरून त्याचा रंग गेला. मी तवा खोटं बोलले."

तिने हातातलं ओलं फडकं मला फेकून मारलं, तेही चांगलं जोरात. मग डोळे पुसून म्हणाली, "आता विहीणबाईला काय सांगू?"

नवरीने पेढ्यांचा खोका पुढे केला. त्याच्या झाकणाला गुलाबी चमकता कागद होता. माझी हत्यारं पिशवीत होतीच. पडवीत उजेडाला बसून मी खडा उचकटला, मागची जागा कोरडी केली. कागदाचे दोनतीन तुकडे आयेने खड्यामागे धरून पाहिले आणि एक पसंत केला. "ह्यो लाव. थोडा फिका हाय, पन नवरीच्या रंगाला शोभंल." खऱ्या हिऱ्यापेक्षाही जपून मी ती काच पुन्हा बसवली.

दुसऱ्या दिवशी मांडवात विहीणबाई नवरीपुढे वाकल्या. "हाच का तो हिरा?"

मी आयेकडे पाहिलं.

"हिरा नाय वो, काच हाय," आये सगळ्यांसमोर म्हणाली. "मी चुकीचं सांगितलं व्हतं. पन रंग माज्या लेकीनं दिलाय. ती मुंबईत खरं हिरं बसवते."

विहीणबाईंनी नथ पुन्हा एकदा पाहिली. मग माझा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून तोही पाहिला.