तीन खड्डे आणि तांब्याभर पाणी

तिसरा खड्डाही कोरडा निघाला तेव्हा साहेबांनी हेल्मेट काढून काखेत धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मावशी, इथंच म्हणाला होतात ना?”

“म्हणाले होते,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

मी पाणी खात्यात चावीवाली होते. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, त्याखाली वॉल्व्ह असतो. लांब चावी घालून तो फिरवला की गल्लीला पाणी सुटतं, उलटा फिरवला की बंद होतं. नवरा हेच काम करायचा. तो गेल्यावर खात्यानं मला लावून घेतलं. माझं शिक्षण चौथी. वॉल्व्ह काही शिक्षण विचारत नाही.

ही गल्ली कोल्हापुरातल्या जुन्या भागातली. एका रांगेत बारा घरं, दारासमोरून गटार, गटाराच्या बाजूनं पाण्याची लाईन. सकाळी सहाला मी पाणी सोडायची, सातला बंद करायची. आठवडाभर तक्रार येत होती की नळाच्या पाण्याला गटाराचा वास येतो. दोघा-तिघांची पोटं बिघडली होती. साहेब म्हणाले, आज संध्याकाळपर्यंत लिकेज सापडलं नाही तर गल्लीची लाईन बंद, उद्यापासून टँकर. मी टँकर बघितलेत. पहिल्या दिवशी रांग लागते, दुसऱ्या दिवशी शिव्या, तिसऱ्या दिवशी हंडे एकमेकींच्या डोक्यात.

पाण्यात गटार कसं शिरतं ते सांगते. पाणी तासभर असतं, बाकीचे तेवीस तास पाइप रिकामा. पाइपला भोक असेल आणि ते गटारात बुडालेलं असेल, तर रिकाम्या पाइपात घाण आत ओढली जाते. सकाळी वॉल्व्ह उघडला की पाणी ती घाण पुढं ढकलतं. भोकाच्या अलीकडच्या घरांना पाणी चांगलं, पलीकडच्यांना घाण. दहा मिनिटांनी सगळं धुऊन जातं आणि नळाला पुन्हा काचेसारखं पाणी येतं.

तपासायला आमच्याकडे ओटी टेस्ट असते. बाटलीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरिन आहे, पाणी ठीक. रंग आला नाही तर घाणीनं क्लोरिन खाल्लं. पण दहा मिनिटांत वॉल्व्ह उघडून बारा घरं एका बाटलीनं कशी गाठणार? म्हणून मी दारोदार जाऊन विचारलं. पहिल्या चार घरांत वास नाही. पाचवं घर शालनची खानावळ. ती म्हणाली, “चांगलं येतंय की आक्का. आमाला काय बी वास न्हाई.”

सहाव्या घरातली म्हातारी म्हणाली, “पाणी न्हवं गं बाई, नळाला गटारच सोडलंय तुमी.”

हिशेब सरळ होता. भोक पाचव्या आणि सहाव्या घराच्या मध्ये. मी साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी रस्ता फोडायचा ब्रेकर मागवला. आमचा फिटर रशीदभाई दोन दिवस तिथं खणत होता. पाइप चकाचक, भोक नाही.

“मावशी,” साहेब म्हणाले, “दोन महिन्यांपूर्वीचा रस्ता आहे हा. मला वर उत्तर द्यायचंय.”

“मग मला पुढं करा. मी देते उत्तर.”

“तुम्ही काय सांगणार?”

“चुकलं म्हणून सांगणार. आणखी काय?”

ते फोनवर बोलत गल्लीच्या तोंडाला गेले. बारा वाजून गेले होते, ऊन डोक्यावर होतं. मी खानावळीच्या पायरीवर टेकले. रशीदभाई खड्ड्यातच उभा होता, बाहेर यायचा त्याला कंटाळा.

“शालन,” मी हाक मारली, “तांब्याभर पाणी दे गं.”

तिनं लगेच आणून दिलं. मी एक घोट घेतला. थंडगार, आणि प्लॅस्टिकचा वास. हे जारचं पाणी. उन्हाळ्यात लोक घेतात, त्यात नवल नाही. पण मला थंड पाण्यानं दात ठणकतात.

“हे नगं. नळाचं दे, सकाळी भरलेलं.”

“ऱ्हाऊ दे की आक्का. गार हाय ते.”

“म्हणून तर नगं. दात ठणकत्यात माझं.”

ती तांब्या घेऊन आत गेली. गेली ती गेलीच. पाणी आणायला किती वेळ लागतो? आत नुसती भांडी वाजत होती. मग खड्ड्यातनं रशीदभाईचं डोकं वर आलं. तिथनं त्याला खानावळीच्या मागल्या दाराकडचा बोळ दिसत होता.

“आक्का, एक गंमत बघा. वैनी मागल्या दारानं शेजारी गेली, आन तितनं तांब्या भरून आणालीय.”

शेजारी म्हणजे चौथ्या घरात.

शालन बाहेर आली, तांब्या माझ्यापुढं धरला. मी हात पुढं केला नाही.

“शालन, तुझ्या नळाला वास येतोय का न्हाई?”

तिनं तांब्या पायरीवर ठेवला.

“मी काय इचारालोय?” मला राग आला की मी गड्यासारखी बोलते.

“येतोय,” ती म्हणाली. “लई येतोय.”

“मग सांगितलं का न्हाईस? दोन दिस झालं ह्यो माणूस खड्ड्यात हाय!”

“सांगितलं असतं तर गिऱ्हाईक पायरी चढलं असतं व्हय? खानावळीच्या पाण्यात गटार म्हटल्यावर कोण जेवंल हितं? त्याच्यावर तर घर चाललंय माझं.” मग आवाज चढवून म्हणाली, “आन गिऱ्हाइकाला मी घाण पाणी दिलं न्हाई. प्यायला जार, रांधायला जार. भांडीसुद्दा उकळत्या पाण्यानं धुतोय आमी.”

“आन मला शेजारचं?”

“मग काय ते देऊ? दारात बसून पाणी मागितलंस तू.”

रशीदभाई म्हणाला, “वैनी, मला मागायची अक्कल आली असती तर दोन खड्डं वाचलं असतं.”

तेवढ्यात साहेब आले. मी सांगितलं, जागा चुकली, घाण पाचव्या घरापासूनच आहे, त्याचा नळजोड पायरीखालून जातो, पायरी फोडायची. शालन पायरीवर फतकल मारून बसली. दुपारची गिऱ्हाइकं यायची वेळ झालेली.

“संध्याकाळी फोडा,” ती म्हणाली.

“संध्याकाळी लाईन बंद होणार आहे, ताई,” साहेब म्हणाले.

“ऊठ,” मी म्हटलं. “न्हाईतर तुझ्यासकट फोडतो.”

ती उठली. फरशी निघाली आणि खालचं गटार दिसलं. दिसलं म्हणजे गटार नव्हतंच, चरबीचा ठोकळा होता. वर्षानुवर्षं रश्श्याची भांडी मोरीत विसळायची, ती चरबी पायरीखाली थिजून साबणासारखी घट्ट झालेली. गटार तुंबलं होतं आणि तुंबलेल्या पाण्यात खानावळीचाच नळजोड आडवा पडला होता. जुना लोखंडी पाइप, गंजून बोटभर भोक पडलेलं. रशीदभाईनं पहार घातली, बघितलं आणि म्हणाला, “तांबडा, पांढरा, दोन्ही हाय हितं. नुसत्या भाकरी द्या.”

साहेब म्हणाले, “पाइप आपला. चोकअप ड्रेनेज खात्याकडे येतं. त्यांना लेटर द्यावं लागेल.”

“द्या लेटर,” मी म्हटलं. “तवर आमी काढतो.”

आम्ही दोघांनी पाट्या भरभरून चरबी काढली. शालनही पदर खोचून उतरली. ती काढत होती आणि नाक धरून स्वतःलाच शिव्या देत होती. पाचच्या आत गटार वाहायला लागलं. रशीदभाईनं प्लॅस्टिकचा नवा पाइप गटाराच्या वरून घेतला. मोरीच्या तोंडाला जाळी बसवली आणि शालनला बजावलं, चरबी आधी पुसून काढायची, मग भांडं विसळायचं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी वॉल्व्ह उघडला आणि धावत बाराव्या घराला गेले. पहिल्याच पाण्यात थेंब टाकले. बाटली हळदीसारखी पिवळी. टँकरची ऑर्डर साहेबांनी रद्द केली.

“मावशी, रिपोर्टमध्ये खानावळीचं नाव घालू?”

“नळजोडाचा नंबर घाला.”

“नंबरावरून कळतंच की.”

“नंबर काढून कोण वाचत बसतंय?”

तसं लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पायरी भर दुपारी फुटली, सगळी गल्ली बघायला जमली होती. शालन दोन दिवस तोंड पाडून होती. तिसऱ्या दिवशी तिनं जार बंद केले आणि नळाच्या पाण्यावर रस्सा टाकला. रोजचं एक जुनं गिऱ्हाईक वाटी संपवून म्हणालं, “वैनी, मधी आठवडाभर तुमचा हात बिघडलता. आज रस्सा जाग्यावर आला.” त्याला कोणी काही सांगितलं नाही.

मलाही बोलणी बसलीच. एकाच बाईच्या बोलण्यावर रस्ता फोडला म्हणून लेखी समज मिळाली. बरोबरच होतं ते. नोकरीत होते तोवर मग मी पाणी कसं येतं ते कुणाला विचारलं नाही. दारात बसायची आणि प्यायला मागायची, नळाचं. पाणी चांगलं आहे असं बाई तोंडानं काहीही सांगेल, पण घाण पाण्याचा तांब्या पुढं करताना तिचा हात आखडतोच.

माझ्या जागी आलेल्या पोरीला साहेबांनी छापील फॉर्म दिलाय. दोन पानं प्रश्न आहेत. मी तिला म्हटलं, फॉर्म भर, पण आधी तहान लागू दे.